कुंपणाला कुंतीही चालेल, फक्त कात्री आवरा

नेरूळच्या सोसायटीत कंपाउंडच्या कडेला बारमाही हिरवं राहणारं आणि फुलणारं काय लावावं, या प्रश्नावर इथे काहींनी एक्झोरा आणि बोगनवेल सुचवली आहे. एक्झोरा उत्तम. बोगनवेलीचे काटे मात्र लहान मुलं खेळतात तिथे मला नको वाटतात. कुंतीच्या झुडपाचं नाव कोणीच कसं घेतलं नाही?

ही लिंबाच्या कुळातली, कढीपत्त्याची नातलग. पानं गडद, चकचकीत. उन्हाळ्याच्या शेवटी पहिल्या सरी पडल्या की आठवड्या-दोन आठवड्यांत झुडूप पांढरंशुभ्र होतं आणि संध्याकाळी वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. पाकळ्या दोन-तीन दिवसांत गळतात, पण पावसाळ्यात असे बहर पुन्हा पुन्हा येतात. नंतर लालसर फळं धरतात, ती बुलबुल फस्त करतात.

सोसायट्यांत कुंती फुलत नाही त्याचं कारण बहुधा माळीच. फुलं कोवळ्या फांद्यांच्या टोकांना येतात आणि आपल्याकडे कुंपण दर महिन्याला भिंतीसारखं सपाट कापायची हौस! बहर ओसरल्यावर छाटा, मग थोडं मोकळं वाढू द्या. न छाटल्यास दहा-बारा फूट सहज जाते, तेव्हा खिडक्यांचा विचार आधी करा.

रोपांत दीड-दोन फूट अंतर पुरे. खाडीकडच्या भरावाच्या जमिनीत पाणी तुंबत असेल तर वाफा उंच घ्या, मुळं कुजतात. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली तर लगेच औषध मारू नका, ती बहुतेक कॉमन मॉरमॉन फुलपाखराची असते. शेजारी लिंबाची झाडं असतील तर मात्र एक्झोराच लावा. लिंबावर रोग पसरवणारे तुडतुड्यासारखे बारीक किडे कुंतीवरही पोसले जातात.