दिग्दर्शकाची 'शैली', 'धाटणी' की 'हाताळणी'?

बेळगाव, शहापूर

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा आपल्या गावागावांतल्या साहित्य संमेलनांचे दिवस जवळ आले की मुलांचे निबंध तपासायचे काम माझ्याकडे येते. नववीतल्या एका मुलीने व्ही. शांताराम यांच्यावर फार मनापासून लिहिले आहे. तिची सुरुवात अशी: "व्ही. शांताराम हे थोर निर्देशक होते. त्यांचे करियर मूकपटापासून सुरू झाले. त्यांची शैली सामाजिक होती."

लाल पेन हातात घेऊन मी बराच वेळ थांबले आहे. 'निर्देशक' खोडून 'दिग्दर्शक' करावे का? 'करियर'ला 'कारकीर्द' चालेल का? आणि तिसऱ्या वाक्यात काहीतरी खटकते, पण बरोबर शब्द कोणता ते ठरत नाही. जाणकारांनी सांगावे.

निपाणी

बाई, मुलीने 'निर्देशक' कुठून उचलला ते उघड आहे. कन्नड सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'निर्देशन' असते, हिंदीतही 'निर्देशक' असतो आणि आपली मुले रोज दोन्ही पाहतात. मराठीत मात्र 'निर्देश' म्हणजे उल्लेख किंवा बोट दाखवणे. "वरील प्रकरणात याचा निर्देश आला आहे" असे आपण लिहितो.

'दिग्दर्शन' हा शब्दही सिनेमासाठी जन्मलेला नाही. जुन्या ग्रंथांच्या प्रस्तावनेत "विषयाचे दिग्दर्शन केले आहे" असे वाक्य असे. विषय पुरता न मांडता त्याची दिशा तेवढी दाखवणे, हा त्याचा अर्थ. संगीत नाटक मंडळ्यांत या कामाचा माणूस होता तो 'तालीममास्तर'. शांताराम स्वतः लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होते, म्हणजे त्यांच्या कानावर आधी पडला असणार तो तालीममास्तरच.

'कारकीर्द' मला जवळचा शब्द आहे, म्हणून जरा लांबण लावतो. आमची तंबाखूची वखार होती. आजोबा रोज संध्याकाळी कीर्द लिहीत. रोजचा जमाखर्च कीर्दीत, मग तो खात्यावार खतावणीत. शेजारचे कन्नड व्यापारीही 'किर्दी'च म्हणत. हा फारसीतला शब्द, मुळात 'केलेले'. जुन्या कागदांत "मुलूक कीर्द करणे" येते, म्हणजे जमीन लागवडीखाली आणणे, गाव वसवणे. 'कारकीर्द' त्याच घरातला: केलेला कारभार, आणि तो जेवढा काळ चालला तो काळ. म्हणून "थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत" हे वाक्य आपल्या तोंडात बसलेले आहे.

तेव्हा माझे मत असे की कारकीर्द सुरू होते ती माणसाच्या हाती कारभार आल्यावर. शांताराम यांचा जन्म 1901 चा, कोल्हापूरचा. पोरवयात ते हुबळीला होते. दिवसा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम आणि नंतर एका पत्र्याच्या थिएटरात राबणे. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकऱ्याची भूमिकाही तिथलीच. या काळाला मराठीत सुरेख शब्द आहे: 'उमेदवारी'. आता तो निवडणुकीतच अडकून पडला आहे, पण धंदा शिकण्यासाठी कुणाच्या हाताखाली राबणे हा त्याचा जुना अर्थ. "हुबळी-कोल्हापुरात उमेदवारी केली आणि 'प्रभात' फिल्म कंपनीपासून कारकीर्द सुरू झाली" असे लिहिले की त्या मुलीच्या एका वाक्यातून आयुष्याची चढण दिसेल.

अथणी

काका, 'उमेदवारी' वाचून फार बरे वाटले. पण कारकीर्दीची रेघ तुम्ही थोडी उशिरा ओढलीत. 'नेताजी पालकर' 1927 चा, पेंटरांच्या कंपनीतच केलेला, आणि त्याच्या दिग्दर्शनात शांताराम होते. 'प्रभात' निघाली 1 जून 1929 ला. म्हणजे कारभार हाती आला तो गुरूच्या घरात असतानाच.

आता बाईंच्या तिसऱ्या वाक्याकडे येतो. 'सामाजिक' ही शैली होऊच शकत नाही. सामाजिक असतो तो विषय. 'शैली' निघाला 'शील'वरून, म्हणजे अंगचा स्वभाव, वळण. विषय बदलला तरी जे बदलत नाही ती शैली. मुलीला "त्यांचे विषय सामाजिक होते" असे लिहायचे आहे, तेवढेच लिहू द्या.

खानापूर

'धाटणी' शब्दाचा विचार करा असे सुचवते. आमच्याकडे घरात मराठी, अंगणात कन्नड. कन्नडमध्ये 'धाटी' आहे, म्हणजे बोलण्याची, गाण्याची रीत, चालसुद्धा. मराठीतही 'धाटी' आहे, त्याच घराण्यातला 'धाटणी' जास्त चालतो. मी मैत्रिणीशी सिनेमावर कन्नडमध्ये बोलते तेव्हा 'धाटी' म्हणते, मराठीत वळले की 'धाटणी', आणि अर्थाला कुठे ठेच लागत नाही. 'शैली' पुस्तकातून येते, 'धाटणी' बोलण्यातून. "शांतारामी धाटणीचा सिनेमा" हे कानाला किती सहज लागते!

निपाणी

कानाला लागते ताई, पण मनाला पटत नाही. धाटणी म्हणजे घडण, साचा. "जुन्या धाटणीचे घर" म्हटले की ओसरी, माजघर, परस डोळ्यांसमोर येतात. शांतारामबापूंचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहा आणि मग साचा शोधा.

'कुंकू', 1937. नीराचे लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लावले जाते आणि ती तो संसार मान्य करायला ठाम नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते त्या प्रसंगातले, त्या घरातले. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षे झालेली, प्रेक्षक गाण्यांच्या वर्षावाला सोकावलेले, आणि हा माणूस वाद्यवृंद बाजूला ठेवतो. नीराचा एकटेपणा आपल्या अंगावर येतो तो त्यामुळे. तिच्या बाजूने रडायला तिथे सारंगीसुद्धा नाही.

आता 'नवरंग', 1959. रंगांची, नाचांची, वाद्यांची नुसती उधळण. त्याआधी 1955 चा 'झनक झनक पायल बाजे', गोपीकृष्ण आणि संध्या यांचे नृत्य टेक्निकलरमध्ये. दोन्हींच्या मध्ये, 1957 ला, 'दो आँखें बारह हाथ': काळापांढरा, उजाड माळ, सहा कैदी आणि एक जेलर. कथा गदिमांची आणि तिच्यामागे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा खरा प्रयोग. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात शांताराम यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली होती. 1958 ला बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले.

या सगळ्यांना एक धाटणी कशी म्हणावी? मला 'हाताळणी' हा शब्द योग्य वाटतो. वस्तू तीच नसते, हात तोच असतो. 1934 च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा त्यांनी अख्ख्या पडद्यावर आणला. 'कुंकू'त संगीत काढून घेतले. एकदा भर घातली, एकदा वजा केले. प्रत्येक वेळी त्या गोष्टीला काय हवे ते पाहून.

अथणी

'हाताळणी'वर आक्षेप आहे. तो शब्द एकेका कृतीपुरता आहे. "हा प्रसंग छान हाताळला" म्हणतो आपण. साठ वर्षांच्या कामाची हाताळणी म्हणता येत नाही. शिवाय अलीकडे हवाबंद डब्यांवरही 'काळजीपूर्वक हाताळा' असते.

आणि काका, सलग धागा नाहीच असे कसे म्हणता? 'माणूस' (1939) पाहा, 'शेजारी' (1941) पाहा. पोलीस आणि वेश्या. हिंदू शेजारी आणि मुसलमान शेजारी. समाजाने मध्ये रेघ मारलेली दोन माणसे घ्यायची आणि त्यांना एकाच चौकटीत उभे करायचे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा केले. जेलर आणि कैदी तेच. 1972 च्या 'पिंजरा'तला मास्तर आणि तमाशातली बाई तेच. पटावर मांडणी वेगळी, डाव तोच. याला 'शील' नाही म्हणायचे तर कशाला? म्हणून मी 'शैली' सोडणार नाही.

खानापूर

'शेजारी'चे नाव निघाले म्हणून एक सांगते. त्याच्या हिंदी रूपात, 'पडोसी'मध्ये, हिंदूची भूमिका मझहर खान यांनी केली आणि मुसलमानाची गजानन जागीरदारांनी. हे वाचून काढलेले मत नव्हे, पडद्यावर दिसणारे आहे. दंगलींच्या त्या काळात हे नट निवडणे हेच दिग्दर्शन. 'दिशा दाखवणे' हा काकांनी सांगितलेला अर्थ इथे अगदी शब्दशः लागू पडतो.

आणि 'द्विभाषिक' या शब्दावरही थोडे बोलू या, कारण तो आपला आहे. प्रभातचे कितीतरी चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळे चित्रित झाले: 'अयोध्येचा राजा', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी'. नंतर आवाज चिकटवलेले नव्हते ते. तोच सेट, तोच प्रसंग, आणि भाषा बदलून पुन्हा अभिनय. आजकाल कुठल्याही डब केलेल्या सिनेमाला 'द्विभाषिक' म्हणतात ते मला खटकते. त्याला 'भाषांतरित आवाजाचा' म्हणा, नाहीतर सरळ 'डब केलेला' म्हणा.

'माणूस'मधली मैना म्हणजे शांता हुबळीकर. त्यांचा जन्म हुबळीजवळच्या अदरगुंचीचा, घरची भाषा कन्नड. मराठी बोलपटात त्या अशा बोलल्या की महाराष्ट्राने त्यांना आपले मानले. 'कशाला उद्याची बात' या गाण्यात तर त्या अनेक भाषांतून गातात. आमच्या घरी आई ते गाणे लागले की हातातले काम थांबवते. आपल्या भागातल्या माणसाने हे नाव मुलांना सांगायलाच हवे. बाई, त्या मुलीच्या निबंधात ते आहे का?

बेळगाव, शहापूर

नाही ताई, नाही. उद्या तिला सांगते. हुबळीच्या थिएटरात राबलेला मुलगा आणि हुबळीची नायिका, दोघे प्रभातच्या एका चित्रपटात भेटले, हे कळले तर ती निबंधाची सुरुवातच बदलेल.

'उमेदवारी' आणि 'कारकीर्द' दोन्ही घेते. 1927 ची रेघ धरते. 'सामाजिक शैली'चे 'सामाजिक विषय' करते, आणि ते प्रत्येक वेळी कसे वेगळे मांडले याला 'हाताळणी', कारण ती 'कुंकू'तल्या एकाच प्रसंगाबद्दल लिहिते आहे. तिथे अथणीच्या सरांचाही आक्षेप नसावा.

'निर्देशक' मात्र मी खोडणार नाही म्हणते. बाजूला पेन्सिलीने 'दिग्दर्शक' लिहिते आणि दोन्हींचे अर्थ देते. ती रोज दोन भाषांत जगते.

निपाणी

बाई, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. दोन भाषांत जगणाऱ्यालाच दोन्ही शब्द आपापल्या जागी नेमके यायला हवेत. कन्नडच्या पेपरात तिने 'दिग्दर्शक' लिहिले तर तिथल्या बाई खोडणार नाहीत का? मराठीच्या निबंधात लाल पेननेच करा. पण अर्थ जरूर द्या, आणि तालीममास्तरही सांगा.

खानापूर

काका, तिथल्या बाईंनी खोडू नये असेच मला वाटते. जुन्या कन्नड चित्रपटांच्या श्रेयनामावलीत 'दिग्दर्शन' मी वाचले आहे.