'इम्युनिटी'ला कायद्याच्या मराठीत काय म्हणायचं?

आम्ही नाशिकरोडचे, त्यामुळे पासपोर्ट म्हटलं की आधी प्रेसची आठवण होते. पासपोर्टच्या पुस्तिका छापतात त्या इथेच. परवा शेजारचे काका म्हणाले, "तो मरून रंगाचा पासपोर्ट असला ना, की परदेशात कोणी हात लावू शकत नाही." म्हटलं, नुसत्या पासपोर्टाने काही होत नाही. तिथल्या सरकारने तुम्हाला मुत्सद्दी म्हणून मान्य केलेलं असावं लागतं, मग इम्युनिटी. "म्हणजे मराठीत काय?" मी कोशातला शब्द सांगितला, उन्मुक्ती. काका लगेच, "म्हणजे निर्दोष सुटला?"

इथेच गाडी अडली. गुन्हा पुसला जात नाही, खटला चालवता येत नाही एवढंच. शिवाय उन्मुक्त म्हटलं की मला खळखळून हसणंच आठवतं. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद १
पंचवटीत राहून 'अवध्य' आठवू नये? हनुमंताला मारायला निघालेल्या रावणाला बिभीषण अडवतो तो याच मुद्द्यावर, दूताला मारत नाहीत. पण सुंदरकांड नीट वाचा. फटके, मुंडण, अंग विद्रूप करणं या शिक्षा तोच चालतील म्हणतो, म्हणून तर शेपूट पेटली. मुत्सद्द्यांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २९ याच्या फार पुढे जातं, अटकही नाही. तेव्हा 'अवध्य' तोकडा पडतो.

प्रतिसाद २
'इम्युनिटी'च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सार्वजनिक कर्तव्यातून, करातून सूट. म्हणजे आपली इनामदाराची सारामाफी! पण 'माफी' आता चूक कबूल केल्यावर मागतात, बाद. (पेशवाईत दूतालाच वकील म्हणत. आजच्या वकिलांना ही सोय नाही.)

प्रतिसाद ३
मी वकीलच. आमच्याकडे रोजचा शब्द 'सँक्शन'. सरकारी नोकराने कामाच्या ओघात केलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला आधी मंजुरी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २१८. नव्यात १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. अशील विचारतात, "साहेब सुटला का?" नाही हो, फाईल अडकलीय. मी 'कवच' सुचवेन. कवच काढता येतं, आणि आतला माणूस निष्पाप आहे असं ते म्हणत नाही.

मूळ लेखक
कवच आवडलं. एकच फरक, कर्णाने आपलं स्वतः उतरवून दिलं. मुत्सद्द्याला ते करता येत नाही, व्हिएन्ना कराराच्या कलम ३२ प्रमाणे त्याचं सरकारच काढू शकतं.

शिवाय कवचं दोन आहेत. एक खुर्चीचं, पद असेपर्यंत जवळजवळ सगळ्यालाच पुरणारं. दुसरं कामाचं, पद गेल्यावरही सरकारी कृत्यांपुरतं उरणारं. चिलीचा हुकूमशहा पिनोशे १९९८ मध्ये लंडनमध्ये पकडला गेला तेव्हा तो माजी राष्ट्रप्रमुख होता, म्हणजे खुर्चीचं गेलेलं. मार्च १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) न्यायाधीशांनी छळाच्या आरोपांना कामाचं कवचही नाकारलं, तेही फक्त छळविरोधी करार संबंधित देशांना लागू झाल्यानंतरच्या कृत्यांपुरतं. उलट २००२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने काँगोच्या तेव्हा पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्यावरचं बेल्जियमचं वॉरंट चूक ठरवलं, आरोप मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे असूनही. पण त्याच निकालात बजावलं की इम्युनिटी म्हणजे इम्प्युनिटी (शिक्षेतून कायमची सुटका) नव्हे. हे वाक्य मराठीत आणायला दोन शब्द लागतात, आणि 'उन्मुक्ती'त दोन्ही अर्थ मिसळतात. माझा प्रयत्न: कवच आहे म्हणून मोकाट नाही.

प्रतिसाद १
'मोकाट' गुरांना. दंडमुक्ती म्हणा.

मूळ लेखक
निकालपत्रात दंडमुक्ती, काकांना मोकाट.

प्रतिसाद ४
मोलकरणीच्या बाजूने बघा की. २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, की घरकाम करणारीला कोंडून, पगार न देता राबवलं असेल तर तो मुत्सद्द्याने केलेला व्यापारी व्यवहारच, आणि व्यापाराला व्हिएन्ना कराराच्या कलम ३१ चं कवच नाही. निकालात 'आधुनिक गुलामगिरी' आहे. आपल्याकडे 'वेठबिगारी' हा शब्द असताना ते भाषांतर कशाला?

प्रतिसाद ३
वेठबिगारीत आपल्याकडे बहुतेकदा उचल, कर्ज येतं. इथे कर्ज कुठे होतं? वेगळा धागा काढा, भांडू तिथे.