दिनारा साफिना: स्लॅम नाही म्हणून तिचं पहिलं स्थान खोटं ठरतं का?

बेसलाइनवाली (धागालेखिका)

महिला टेनिसमधल्या 'एकेरीचा स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, यूएस ओपन किंवा विम्बल्डन) न जिंकता नंबर वन' झालेल्यांचा विषय निघाला की रशियाच्या दिनारा साफिनाचं नाव हमखास येतं, आणि बहुतेक वेळा हिणवण्यासाठीच येतं. यान्कोविच, प्लिश्कोव्हा यांचीही तीच गत, पण त्यांच्या वाट्याला एवढी कुचेष्टा आली नाही. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

माझ्या मते २० एप्रिल २००९ ला ती अव्वल झाली ते स्वतःच्या कष्टांवर, आणि पुढे एकूण २६ आठवडे ते स्थान तिच्याकडे राहिलं. ती तिथवर कशी पोचली ते आठवून बघा. मे २००८, बर्लिन. तिला तेरावं मानांकन आणि तिसऱ्या फेरीत समोर जस्टिन हेनिन, तेव्हाची जगातली पहिली. पहिला सेट ५-७ गेला, पुढचे दोन दिनारानं ६-३, ६-१ घेतले. त्यानंतर आठवड्याच्या आत हेनिननं निवृत्ती जाहीर केली. पुढच्या सामन्यात सेरेना विल्यम्स, तिसरा सेट ६-६ बरोबरीनंतरच्या टायब्रेकमध्ये, तिथंही दिनाराच जिंकली. अंतिम फेरीत डेमेंटिएव्हाला हरवून तिनं स्पर्धा खिशात घातली.

लगेच पुढची फ्रेंच ओपन. हेनिन गेल्यामुळे अव्वल झालेली शारापोव्हा चौथ्या फेरीत एक सेट आणि ५-२ अशी पुढे होती, तिच्याकडे मॅच पॉइंटही होता, म्हणजे जिंकायला एकच गुण हवा होता. दिनारानं तो सामना ओढून आणला. उपांत्यपूर्व फेरीत डेमेंटिएव्हाविरुद्ध पुन्हा तेच, पुन्हा मॅच पॉइंट वाचवला आणि तिसरा सेट ६-०. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये यान्कोविचला हरवलं, तेव्हा यान्कोविच नुकतीच पहिली झाली होती. एकाच वर्षात तीन वेगवेगळ्या नंबर वन खेळाडूंना त्या त्या वेळी त्या पदावर असताना हरवणारी बाई 'खोटी' कशी? विरोधी मत असलेल्यांनी जरूर लिहा, फक्त सामन्यांवर बोला.

नेटजवळ

सामन्यांवरच बोलतो. स्लॅमच्या तीन अंतिम फेऱ्या, आणि तिन्ही मिळून एक सेटसुद्धा नाही. २००८ पॅरिस (फ्रेंच ओपन), इव्हानोविचकडून ६-४, ६-३. २००९ मेलबर्न (ऑस्ट्रेलियन ओपन), सेरेनाकडून ६-०, ६-३, तेही ५९ मिनिटांत. २००९ पॅरिस, कुझनेत्सोवाकडून ६-४, ६-२. यात भर म्हणजे त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात व्हीनसनं तिला ६-१, ६-० असं ५१ मिनिटांत घरी पाठवलं. त्या विम्बल्डननंतर २००८ ची यूएस ओपन, २००९ ची ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन अशा तीन ट्रॉफ्या सेरेनाच्या घरात होत्या आणि क्रमवारीत मात्र ती दुसरी. खरी नंबर वन कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे, असं सेरेना त्याआधी मे महिन्यातच रोममध्ये पत्रकारांसमोर म्हणाली होती. बोलणं टोचणारं होतं, पण यात चूक काय होतं?

दिनाराच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण अव्वल खेळाडूनं मोठ्या दिवशी निदान झुंज तरी द्यावी, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

सदाकाका

नेटजवळ, तुम्ही क्रमवारीकडून नको ते मागताय. ती ५२ आठवड्यांचा हिशेब ठेवते, कोण भारी वाटतं ते सांगत नाही. त्याच २००९ च्या क्ले (मातीच्या कोर्टांच्या) मोसमात सेरेना मार्बेयाला पहिल्याच सामन्यात हरली, रोमला पहिल्याच सामन्यात हरली, माद्रिदला पहिला सामना अर्धवट सोडला. दिनारा त्याच मोसमात स्टुटगार्टची अंतिम फेरी खेळली, रोम जिंकली, माद्रिद जिंकली. आठवडेच्या आठवडे कोर्टवर उतरून जिंकणाऱ्या मुलीला गुण द्यायचे नाहीत तर कुणाला द्यायचे?

नेटजवळ

सदाकाका, हिशेब बरोबर आहे हो, पण सूत्रच चुकीचं होतं. २००९ मध्ये स्लॅम विजेतीला २००० गुण आणि उपविजेतीला १४०० मिळायचे. म्हणजे ५९ मिनिटांत हरणारीलाही जिंकणारीच्या सत्तर टक्के गुण. ही दरी एवढी अरुंद ठेवली की असं होणारच. दोष दिनाराचा नाही, मान्य. पण म्हणून त्या आकड्याला डोक्यावर घेऊन नाचायचं कारणही नाही.

माया_कोल्हापूर

मी दोन्हीकडची नाही. २००९ ची फ्रेंच फायनल मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे, तेव्हा त्याबद्दल लिहिते.

त्या वसंतात या दोघींची क्लेवरची ही तिसरी अंतिम फेरी होती. स्टुटगार्टला कुझनेत्सोवा जिंकली, रोमला दिनारा. म्हणजे दोघी एकमेकींचा खेळ कोळून प्यायल्या होत्या. पॅरिसमध्ये कुझनेत्सोवानं वेगळं फारसं काही केलंच नाही, टॉपस्पिनचा फोरहँड खोल टाकत राहिली आणि वाट बघितली. दिनाराचा बॅकहँड एरवी तोफेसारखा. त्या दिवशी हात आखडला. दुसरी सर्व्हिस करताना तर चेंडू वर फेकण्यापासूनच ताण दिसत होता. प्रत्येक चुकीनंतर ती स्वतःवरच ओरडत होती, प्रशिक्षक झेल्को क्रायान बसला होता तिकडे बघत होती. शेवटचा गुण गेला तोही डबल फॉल्टवर, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून.

याला मी दुबळेपणा म्हणणार नाही. अव्वल झाल्यापासून रोज तिला 'स्लॅम कधी?' विचारलं जात होतं. पहिल्या फेरीत तिनं कियोथावाँगला ६-०, ६-० असं हरवलं तरी प्रश्न तोच. त्या पदानं तिला बळ दिलं नाही, ओझं दिलं, असं मला वाटतं.

रानजाई

ओझ्याचं म्हणाल तर घरातच होतं की. आई रौझा इस्लानोवा मॉस्कोतल्या स्पार्ताक क्लबची नावाजलेली प्रशिक्षक, कुर्निकोवा, मिस्किना, डेमेंटिएव्हा लहानपणी तिच्या हाताखाली शिकलेल्या. भाऊ मारात, २००० ची यूएस ओपन आणि २००५ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला. पण गंमत बघा, मारात अव्वल राहिला ९ आठवडे, बहीण २६. भाऊ आणि बहीण दोघंही एकेरीत नंबर वन झाल्याचं टेनिसमधलं हे पहिलंच उदाहरण, आणि ते बोलताना कुणी तिच्या वाट्याला 'पण' जोडत नाही!

अवांतर: दुहेरीत तिच्याकडे स्लॅम आहे. २००७ ची यूएस ओपन, नताली देशीबरोबर.

नेटजवळ

दुहेरी दुहेरीच्या जागी. आणि मारातचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यानं यूएस ओपनच्या अंतिम फेरीत साम्प्रासला हरवलं होतं, म्हणून ९ आठवडे असले तरी कुणी शंका घेत नाही.

ओझं सगळ्यांनाच असतं. बीजिंगच्या अंतिम सामन्यात डेमेंटिएव्हा पहिला सेट हरून मागे पडली होती. २००४ मध्ये दोन स्लॅम फायनल हरल्याची जखम तिच्या मनात नसेल? तरी ३-६, ७-५, ६-३ असं सुवर्ण नेलं आणि समोर कोण होतं? दिनारा.

बेसलाइनवाली

डेमेंटिएव्हाचं सुवर्ण मला तेवढंच प्रिय आहे. त्या पदकमंचावर तिघीही रशियन होत्या, झ्वोनारेव्हाला कांस्य. या पिढीत आपापसातली चुरसच एवढी होती की फायनलला पोचणं म्हणजे अर्धी लढाई.

पण नेटजवळ, तुम्ही एक गोष्ट सोडून देताय. वॉझ्नियाकी २०१० मध्ये पहिल्यांदा अव्वल झाली, एकूण ७१ आठवडे राहिली आणि एकेरीचा स्लॅम तिला मिळाला २०१८ मध्ये. मधली सात वर्षं तिलाही हेच ऐकावं लागलं. तिला ती वर्षं मिळाली. दिनाराला मिळाली नाहीत. २००९ च्या अखेरीस दोहामधल्या वर्षअखेरच्या स्पर्धेत यान्कोविचविरुद्ध १-१ असताना पाठीनं दगा दिला आणि कोर्ट सोडावं लागलं. पाठीतल्या स्ट्रेस फ्रॅक्चरमधून ती पुरती सावरलीच नाही. शेवटचा सामना मे २०११, वय २५. औपचारिक निरोप २०१४ मध्ये, माद्रिदला.

नेटजवळ

पाठीबद्दल वाईट वाटतं, अगदी खरं. पण त्या तिन्ही फायनल पाठ जाण्याआधीच्या आहेत, आणि दोहाच्या त्या आठवड्यात वर्षअखेरचं पहिलं स्थान सेरेनाकडे गेलं. माझं मत आहे तेच आहे. बर्लिनचा हेनिनविरुद्धचा सामना मात्र मी पाहिलेला नाही, कुणाकडे पूर्ण चित्रफीत असेल तर इथे द्या. शनिवारी बघतो आणि तिसऱ्या सेटबद्दल लिहितो.