"वीस मिनिटांत लिनक्स" ठीक आहे, पण पुढची पाच वर्षं कोण बघणार?

परळचा_पोपट
परवा इथे एकाने धागा टाकला होता. विंडोज १० चा सपोर्ट गेला म्हणून लॅपटॉप भंगारात देऊ नका, पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम) घ्या, वीस मिनिटांत इन्स्टॉल होतं, फुकट आहे, व्हायरस नाही आणि "एकदा टाकलं की नंतर काही बघावं लागत नाही". खाली लोकांचा "धन्यवाद सर, फार उपयुक्त" असा पाऊस. बाकी सगळं मान्य, पण ते शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या मशिनवर लिनक्स टाकून दिलेलं नाही हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो.

आमच्या खानदानात कंप्युटरवाला मी एकटा. १४ ऑक्टोबर २०२५ च्या आधीपासूनच फोन सुरू झाले, "अरे ती सपोर्ट संपतोय अशी नोटीस येतेय, काय करू". सगळ्यांकडे इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनची मशिनं, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे चढायचं नाही. दिलं मिंट टाकून. आतेभाऊ, काका, शेजारच्या वहिनी. इन्स्टॉल पटकन झालं, त्यात वादच नाही. खरी गंमत नंतर सुरू झाली. आतेभावाला दोन्ही हवं होतं म्हणून ड्युअल बूट करून दिलं, तर विंडोजमध्ये गेला की घड्याळ साडेपाच तास मागे, कारण लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं आणि विंडोज त्यालाच मुंबईची वेळ समजतं. शिवाय डी ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता बघता येतो, काही सेव्ह होत नाही, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू, ते नीट बंद होतच नाही. काकांच्या टाइमशिफ्टने (बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून सिस्टिमच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, घेणारा प्रोग्राम) सिस्टिमच्याच पार्टिशनवर स्नॅपशॉट घेत घेत डिस्क भरून टाकली, मग पासवर्ड टाकला की स्क्रीन लुकलुकते आणि परत लॉगिनवर. वहिनींचा प्रिंटर, झेरॉक्सच्या दुकानात असतो तसला छोटा लेझर, त्याच्याबद्दल बोलायलाच नको.

प्रत्येकावर उपाय आहे, मला माहितीये, मीच केले ना. कधी? रविवारी. परळ ते विरार, मेगाब्लॉक असताना. तेव्हा "काही बघावं लागत नाही" हे कृपया लिहू नका, "तुम्ही नाही, तुमचा भाचा बघेल" असं लिहा.

टर्मिनल_तात्या
म्हणजे टाइमशिफ्ट विचारतं स्नॅपशॉट कुठे ठेवायचे, किती ठेवायचे, ते तुम्ही न वाचता पुढे-पुढे दाबत गेलात आणि खापर लिनक्सवर? घड्याळाला टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एक ओळ लागते. फास्ट स्टार्टअपला एक टिक काढावी लागते. याला मेंटेनन्स म्हणत असाल तर पंख्यालाही तेलपाणी लागतं.

आमच्या वेळी कॅनॉनिकल कंपनीवाले त्यांच्या लिनक्सची, म्हणजे उबुंटूची सीडी पोस्टाने घरपोच फुकट पाठवायचे, २०११ ला बंद झालं ते. ती सीडी टाकायची, वायफाय चालायचं नाही, ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा. मॅन पेजेस (लिनक्समधलीच माहितीची पानं) वाचून शिकलो आम्ही. आता फोन यूएसबीने जोडला, टेदरिंग चालू केलं की काम झालं, तरी लोकांची रडगाणी चालूच.

चाळकरी
"आमच्या वेळी" पहिल्याच प्रतिसादात आलं. धागा शतक मारणार, मी चहा ठेवतो.

परळचा_पोपट
तात्या, मी वाचलं होतं. काकांनी नंतर स्वतः जाऊन रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे, सगळ्या खुणा केल्या, "बॅकअप आहे ना, मग जास्त बरा" म्हणून. आणि एवढं करून घरचे फोटो त्यात नव्हतेच, कारण टाइमशिफ्ट होम फोल्डर (आपल्या फाइलींचा) सांगितल्याशिवाय धरतच नाही. त्याचा उपयोग सिस्टिम मागे न्यायला, कागदपत्रं वाचवायला नाही. हे त्या वीस मिनिटंवाल्याच्या धाग्यात कुठे होतं सांगा.

निशाचर_ऐरोली
रात्रपाळीत सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे म्हणून बोलतो. दोघंही अर्धं बोलताय.

पोपटराव, विंडोजला बघावं लागत नव्हतं हा तुमचा गैरसमज आहे. बघत होताच कोणीतरी, फक्त पैसे घेऊन. लॅमिंग्टन रोडला पिशवीतून मशिन न्यायचं, तो फॉरमॅट मारणार, क्रॅक विंडोज टाकणार, ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करणार, परत चालू करायला विसरणार. आणि त्याच मशिनवर आपण नेटबँकिंग करायचं. माझ्या सासऱ्यांच्या मशिनवर असल्याच एका दुकानदाराने टाकलेलं विंडोज होतं, ब्राउझरचं होमपेज रोज वेगळं. तेव्हा कोणी धागा काढला नाही.

आता कामाचं. ज्यांना टाकून द्यायचंय त्यांनी एलटीएसच (लाँग टर्म सपोर्ट, जास्त वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती) टाकावं. उबुंटूचं सम वर्षाच्या एप्रिलमधलं घेतलं तर पाच वर्षं सपोर्ट, मधलं कुठलं घेतलं तर नऊ महिने. नवीन दिसलं म्हणून मधलं टाकतात, वर्षभराने अपडेट मारलं की सगळीकडे चारशेचार ("फाइल सापडत नाही"), कारण तोवर पॅकेजेस जुन्या सर्व्हरवर हलवलेली असतात. मग "लिनक्स बिघडलं". मिंट २२ उबुंटू २४.०४ वर आहे, २०२९ पर्यंत चालेल. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशन आहे, तिथे अपडेट आपोआप आणि जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा, अपडेटबरोबर नवा येतो) आपोआप काढणे या दोन खुणा करा. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर दुसरी विसरू नका, त्यात बूटचं पार्टिशन वेगळं आणि छोटं असतं, जुन्या कर्नलनी भरलं की पुढचं अपडेट अर्ध्यात लटकतं. टाइमशिफ्टचे दोन-तीन स्नॅपशॉट पुरे. फोटो बाहेरच्या डिस्कवर. एवढं पहिल्या दिवशी केलं तर विरारच्या खेपा कमी होतील. बंद होणार नाहीत, तेवढं पोपटरावांचं खरं.

अनघा_सीए
सगळं छान, पण माझ्यासारख्यांचं काय? पार्टनरशिपमधल्या एका उत्साही ज्युनियरने ऑफिसचं एक मशिन लिनक्सवर नेलं. ब्राउझर पळतो, एक्सेलच्या फाइली लिबरऑफिसमध्ये बऱ्यापैकी उघडतात (मॅक्रो सोडून). मग डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं यूएसबीत लावायचं) लावलं. टोकनवाल्याचा लिनक्सचा ड्रायव्हर होता, टाकला, सिस्टिमला टोकन दिसलं. पण पोर्टलवर सही करायची जी युटिलिटी असते तिला काही केल्या दिसेना. हेल्पडेस्कला फोन केला, पहिला प्रश्न "मॅडम, विंडोज कुठलं आहे?" नाही म्हटल्यावर समोर शांतता. जीएसटीची २० तारीख कोणासाठी थांबत नाही. संध्याकाळी परत विंडोजवर.

आणि ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी, विंडोज १० ला एक वर्ष जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सेटिंग्जमधून नोंदणी करायची. हे लिनक्सवाले मुद्दाम सांगत नाहीत.

टर्मिनल_तात्या
सरकारी युटिलिटी विंडोजपुरतीच लिहिली तर तो दोष लिनक्सचा? केरळात शाळांमधून वर्षानुवर्षं लिनक्स चालतंय, लाखो पोरं त्यावर शिकली. आपल्याकडे मानसिकता नाही, दुसरं काय.

अनघा_सीए
दोष कोणाचा हे मी विचारलंच नव्हतं. लेट फी कोण भरणार एवढंच विचारते. तुम्ही भरणार असाल तर उद्या सगळं ऑफिस लिनक्सवर नेते.

कंपोझिटर_गिरगाव
टोकनबिकन राहू द्या, एक मराठी लग्नपत्रिका छापून दाखवा लिनक्सवर.

पंचवीस वर्षं डीटीपी करतोय. माझी सगळी कामं जुन्या फाँटातली, युनिकोडच्या (सगळीकडे सारखं दिसणाऱ्या आताच्या टायपिंगच्या) आधीची. त्या फाइली लिनक्सवर उघडल्या की चि. सौ. कां. च्या जागी इंग्रजी कॅपिटल आणि डोक्यावर टिंबं असलेली भुतं. बरं म्हटलं नवीन काम तरी करून बघू, फुकटातलं डीटीपीचं सॉफ्टवेअर स्क्रायबस घेतलं, तर जोडाक्षरं सगळी फुटलेली, "श्री गणेशाय नमः" मध्येच गणपती रुसला. वर फाँटातला ल हिंदीवाला, काठीचा. गिऱ्हाईक म्हणतं पत्रिका काय दिल्लीहून छापून आणली का. असलं फुकट मला नको.

टर्मिनल_तात्या
स्क्रायबस कुठलं? १.४ असणार. त्यात देवनागरी नव्हतीच धड. १.६ जानेवारी २०२४ ला आलं, जोडाक्षरं नीट येतात. जुनं घेऊन शिव्या देऊ नका. आणि ल चं म्हणाल तर मजकुराची भाषा हिंदी सोडून मराठी निवडा, फाँटात मराठी रूपं असतील तर ल आपोआप पाकळीचा होतो. लिबरऑफिसमध्ये तर खालच्या पट्टीवरच आहे.

कंपोझिटर_गिरगाव
असतील तर! सगळं "असतील तर". पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा म्हणून २००९ साली शासन निर्णय निघाला, आणि इथे कंप्युटर काठीचाच दाखवतो. आणि माझ्या जुन्या फाइलींचं काय? पंचवीस वर्षांचं काम आहे ते माझं.

टर्मिनल_तात्या
त्या फाइली तुमच्या कधीच नव्हत्या. त्या डोंगलच्या (सॉफ्टवेअर चालायला मशिनला लावावी लागते त्या किल्लीच्या) होत्या. डोंगल जळलं की पंचवीस वर्षं गेली. मी हेच सांगतोय दोन हजार सालापासून, पण आपल्या डीटीपीवाल्यांना फाँट चोरून वापरायची इतकी सवय की

कंपोझिटर_गिरगाव
ओ, चोरून कोणाला म्हणता? पावती आहे माझ्याकडे, त्या काळात बायकोच्या बांगड्या मोडून घेतलेल्या सॉफ्टवेअरची. डोंगल मेलं तेव्हा कंपनीने नव्या व्हर्जनचे पूर्ण पैसे मागितले, तेही भरले. तू एसीत बसून फुकटचं वाटतोस, आमचं पोट आहे त्यावर. माफी माग आधी.

चाळकरी
"अहो" वरून "अरे" वर आलो, म्हणजे धागा मराठीच आहे. चहा उकळतोय.

निशाचर_ऐरोली
तात्या, ते "चोरून" मागे घ्या. अर्ध्या मुंबईने चोरून वापरलं हे खरं, पण यांनी नाही.

टर्मिनल_तात्या
बरं, पावतीवाल्या एकमेव इसमाची माफी मागतो. बाकीच्यांची नाही.

मुलुंडच्या_बाई
मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. तीन वर्षांपासून मिंट वापरते. तुमचं भांडण चालू राहू द्या, मला पोपटरावांना एकच विचारायचंय. काकांना त्यांच्याच मशिनचा पासवर्ड माहीत आहे का?

परळचा_पोपट
लॉगिनचा आहे. ॲडमिनचं खातं वेगळं आहे, ते माझ्याकडे. दिला तर काय काय उडवतील सांगता येत नाही. टाइमशिफ्टच्या वेळी फोनवर सांगितला होता, त्याचं फळ वर लिहिलंच आहे, नंतर बदलला.

मुलुंडच्या_बाई
मग ते विरारला बसून करणार काय? नवीन काही घालायला पासवर्ड, टाइमशिफ्ट उघडायला पासवर्ड, आणि तो परळला. मला भाच्याने असंच करून दिलं होतं, मी त्याला म्हटलं, एक तर पासवर्ड दे नाहीतर मशिन घेऊन जा. पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, मराठीतून, टर्मिनलचेसुद्धा. छोटे छोटे आहेत, थांबवून थांबवून बघायचे. सगळं डोक्यात राहत नाही, वहीत लिहिते. अपडेट शनिवारी, कारण शनिवारी उपास असतो, स्वयंपाकघरात काम कमी. एकदा आवाज गेला होता, तेव्हा वहीत बघून मागच्या स्नॅपशॉटवर गेले. टाइप करायला आयबसमध्ये (लिनक्सची भाषा बदलायची सोय) गमभनसारखी, इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची पद्धत आहे, पण मी इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्डच वापरते, हात बसलाय. प्रिंटर मात्र चालत नाही, ते खरं. खालच्या दुकानात पीडीएफ पाठवते, पाच रुपये पान.

परळचा_पोपट
बाई, तुमच्यासारखे काका असते तर मी हा धागाच काढला नसता. पण ठीक आहे, देतो पासवर्ड. नवीन दोन चुका झाल्या की काका स्वतःच इथे येऊन धागा काढतील, तेव्हा तुम्ही उत्तर द्यायचं, मी नाही. आणि शनिवार, वही, ट्युटोरियल हे सगळं "बघणंच" झालं ना? मी तेच म्हणत होतो.

मुलुंडच्या_बाई
बघणं झालंच. गॅसची नळीसुद्धा बघते मी. त्यासाठी भाच्याला विरारला बोलवत नाही इतकंच.

अनघा_सीए
बाईंना शंभर लाइक. टोकनचा प्रश्न अजून तसाच आहे, आठवण करून देते.

निशाचर_ऐरोली
टोकनला सध्या व्हर्च्युअल मशिनमध्ये (लिनक्सच्या आतच चालणाऱ्या आभासी कंप्युटरमध्ये) विंडोज आणि त्यात यूएसबी पास करणे हाच सरळ मार्ग. लायसन्स लागेल, आठ जीबी रॅम तरी लागेल. म्हणजे ऑफिसला एक विंडोजचं मशिन ठेवा, डोकं शांत राहील.

टर्मिनल_तात्या
हे लिनक्सवाल्याच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

कंपोझिटर_गिरगाव
आता खरं सांगतो, निम्मं काम युनिकोडमध्ये न्यावं लागलंय. तात्यांच्या सांगण्यावरून नव्हे. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं, तो युनिकोडच असतो, तो जुन्या फाँटात बदलला की कऱ्हाडचा अर्धा र हमखास मरतो आणि मुलाकडचे गावाचं नाव चुकलं म्हणून पत्रिका परत पाठवतात. म्हणून १.६ उतरवून बसलोय. भाषा मराठी केली. ल बदलला. श नाही बदलला. आता बोला.

टर्मिनल_तात्या
फाँट कुठला घेतलाय ते सांगा आधी.