फ्लास्कचं ॲप.रन() लाइव्ह ठेवू नये, वापरणारे पंधराच असले तरी

साधीवही: आमच्याकडे फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेब ॲप लिहायचं फ्रेमवर्क) लिहिलेलं आतल्या वापराचं एक ॲप आहे, वापरणारे पंधरा. सहकारी म्हणतो, एवढ्याशा कामाला गनिकॉर्न (पायथन ॲप चालवणारा सर्व्हर) आणि पुढे इंजिन-एक्स (रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन मागे पाठवणारा वेब सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी) कशाला, ॲप.रन() चालतंय की! मला हे अजिबात पटत नाही. ॲप.रन()ने चालू होणारा फ्लास्कचा सर्व्हर कोड लिहिता लिहिता तपासायला दिलाय. प्रॉडक्शनमध्ये वापरू नका, असा इशारा चालू होतानाच छापतो. त्यात कोणीतरी डीबग (चुका शोधायचा मोड) तसंच चालू ठेवतं. मग एरर आली की ब्राउझरमधूनच सर्व्हरवर पायथन चालवायची सोय होते, आड येतो फक्त एक पिन.

कमीतकमी: डीबगचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ते डीबग बंद करून सुटतं. फ्लास्क १.० (२०१८) पासून हा सर्व्हर थ्रेडेडच चालतो, म्हणजे एका वेळी अनेक रिक्वेस्ट घेतो. उलट गनिकॉर्न नुसतं चालू केलं तर एकच सिंक वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) मिळतो, म्हणजे एका वेळी एकच रिक्वेस्ट. मी मोठ्या उत्साहाने बदललं होतं. एकाने हळू नेटवरून जड फाइल अपलोड करायला घेतली आणि बाकी सगळे ताटकळले.

साधीवही: त्यासाठीच पुढे इंजिन-एक्स हवं. ते रिक्वेस्टची अख्खी बॉडी (म्हणजे ती फाइल) स्वतःकडे गोळा करतं आणि मग वर्करला देतं. आणि वर्कर वाढवा की, कोअरच्या दुप्पट अधिक एक हा सुरुवातीचा हिशोब आहेच.

दोनप्रोसेस: वर्कर वाढवण्याआधी कोडमधले ग्लोबल व्हेरिएबल (सगळ्या रिक्वेस्टसाठी मेमरीत ठेवलेली सामायिक माहिती) शोधा. आम्ही लॉगिन झालेल्यांची यादी एका ग्लोबल डिक्शनरीत ठेवली होती. चार वर्कर केले आणि पान रिफ्रेश केलं की माणूस कधी आत, कधी बाहेर. प्रत्येक वर्कर वेगळी प्रोसेस, मेमरी वेगळी. दोन दिवस गेले शोधण्यात. पण दोष आमच्या कोडचाच होता, ॲप.रन()ने तो झाकून ठेवला होता. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळे बाहेर फेकले जायचे, ते आम्ही चालवून घेत होतो. म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूने. पहिल्या दिवसापासून दोन वर्करवर चालवा.

कमीतकमी: इंजिन-एक्स आणलं की त्याची कामंही येतात. १ एमबीच्या वरची फाइल ४१३ (फाइल फार मोठी, असा एरर कोड) देऊन परत पाठवतं, मर्यादा वाढवावी लागते. ॲपला रिमोट-ॲड्रेसमध्ये सगळ्यांचा पत्ता १२७.०.०.१, म्हणजे त्याच मशीनचा, दिसतो. मग प्रॉक्सीफिक्स (हेडरमधून खरा पत्ता वाचणारा कोड) लावा, तेही पुढे नेमक्या किती प्रॉक्सी आहेत ते मोजून, नाहीतर हेडरमध्ये कोणीही खोटा पत्ता पाठवेल. पंधरा जणांसाठी वेट्रेस (गनिकॉर्नसारखाच दुसरा सर्व्हर) बसवा. चार थ्रेड आपोआप मिळतात, रिक्वेस्ट बफर होते, विंडोजवरही चालतं. गनिकॉर्न तिथे चालतच नाही.

साधीवही: वेट्रेसला माझी हरकत नाही, भांडण ॲप.रन()शी आहे. बाहेरून उघडं असेल तर मात्र टीएलएससाठी (https चं एन्क्रिप्शन) पुढे प्रॉक्सी लागणारच.

दोनप्रोसेस: एक राहिलं. ४० सेकंद घेणारा रिपोर्ट व्ह्यूमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) असेल तर सिंक वर्करला गनिकॉर्न ३० सेकंदांनी मारतं. टाइमआउट ३०० करू नका, वर्कर तेवढा वेळ अडकून राहतो. काम रांगेत टाका, लगेच २०२ (काम स्वीकारलं, अजून झालं नाही) द्या आणि पानाला निकाल विचारत राहू दे.

कमीतकमी: पंधरा जणांसाठी आता रांगही? महिन्यातून एकदा निघणारा रिपोर्ट मी तरी क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) रात्री काढून ठेवीन.