टीएनएफ देऊनही आयकप्पाबी-अल्फाचा बँड नीट उतरत नाही, आणि १९८६ च्या पेपरबद्दल एक शंका

हेला_३७ (प्रश्न)

रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांचे 'सेल'मधले एनएफ-कप्पा-बीवरचे (डीएनएला चिकटून जीन चालू करणारं प्रोटीन) १९८६ चे दोन पेपर आणि आयकप्पाबीवरचे (त्याला अडवून धरणारं प्रोटीन) बॉयर्ले-बाल्टिमोर यांचे १९८८ चे पेपर ओळीने वाचतोय. दोन ठिकाणी अडलंय.

पहिलं: सायक्लोहेक्झिमाइडने नवं प्रोटीन बनणं थांबवलं तरी ७०झेड/३ पेशींत (उंदराच्या बी-पेशींची पूर्वावस्था) एलपीएसने (जिवाणूंच्या आवरणातला उत्तेजक रेणू) एनएफ-कप्पा-बी चालू होतं, इथवर कळलं. पण नुसत्या सायक्लोहेक्झिमाइडनेही ते थोडं चालू होतं. मग मूळ निष्कर्ष, म्हणजे हा घटक पेशीत आधीपासूनच असतो, तो डळमळत नाही का?

दुसरं: हेला पेशी (माणसाच्या कर्करोगाच्या), टीएनएफ-अल्फा (दाहाचा संदेश देणारं प्रोटीन) १० नॅनोग्रॅम प्रति मिली, वेळा ०, ३०, ६०, १२० मिनिटं. वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वेगळी केलेली प्रोटीनं अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) आयकप्पाबी-अल्फाचा बँड (३७ केडीएच्या, म्हणजे किलोडाल्टनच्या आसपास) ३० ला जरासा फिका, ६० ला पुन्हा जसाच्या तसा. फॉस्फो अँटिबॉडीने (फक्त फॉस्फेट लागलेलं रूप ओळखणारी) सगळ्या लेन कोऱ्या. एलपीएस १ मायक्रोग्रॅम प्रति मिली देऊन तर काहीच फरक नाही. अँटिबॉडी बदलू का?

जेलपट्टी

अँटिबॉडी तूर्त राहू द्या, आधी वेळा बदला. टीएनएफनंतर आयकप्पाबी-अल्फा पाच मिनिटांत कमी व्हायला लागतो, १० ते १५ मिनिटांत जवळजवळ नाहीसा होतो आणि ३० च्या पुढे परत भरायला लागतो. तुमच्या वेळांमध्ये नेमका तो खड्डाच सुटलाय. ०, ५, १०, १५, ३०, ६०, ९० घ्या.

तो परत येतो, कारण आयकप्पाबी-अल्फाचा जीन स्वतःच एनएफ-कप्पा-बीच्या हुकमाखाली आहे. ज्याला सोडलं त्यानेच आपला पहारेकरी पुन्हा बनवायचा, अशी रचना. ताळा पाहायचा असेल तर एक संच टीएनएफ अधिक सायक्लोहेक्झिमाइड (१० मायक्रोग्रॅम प्रति मिली, अर्धा तास आधी) असा ठेवा. त्यात बँड गेला की ६० मिनिटांनाही परत येत नाही. मात्र हा संच दोन तासांच्या पुढे नेऊ नका. ही जोडी हेलाला काही तासांत मारते, आणि मग बँड जातो तो मरणाऱ्या पेशींमुळे.

एलपीएसचं म्हणाल तर हेला त्याला जवळपास दाद देत नाहीत, जर्कटही (माणसाच्या टी-पेशी) नाहीत. एलपीएस हवं असेल तर रॉ २६४.७ (उंदराच्या मॅक्रोफेज पेशी) घ्या, १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, माध्यमात सीरम असू द्या, कारण एलपीएस पेशीपर्यंत पोचवणारी प्रोटीनं सीरममध्ये असतात. स्टॉक नीट व्हॉर्टेक्स करा, ते भांड्याला चिकटतं. टीएनएफपेक्षा हा प्रतिसाद सावकाश येतो. जर्कटसाठी उत्तेजक म्हणून पीएमए ५० नॅनोग्रॅम प्रति मिली आणि आयोनोमायसिन १ मायक्रोमोलर.

माध्यम बदलायचं तर आदल्या दिवशी बदला. ऐनवेळी ताजं किंवा थंड माध्यम घातलं की ० मिनिटाची लेनच बिघडते, आणि त्या लेनवरच सगळी तुलना उभी असते.

फॉस्फोवाली

फॉस्फो बँडबद्दल. आयकप्पाबी-अल्फाच्या सेरिन ३२ आणि ३६ या अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसलं की युबिक्विटिन (मोडीत काढायची खूण) लागतं आणि प्रोटिएझोम (प्रोटीनं मोडणारं पेशीतलं यंत्र) ते रेणू गिळून टाकतो. म्हणजे तुम्ही जे शोधताय ते बनताक्षणीच संपतंय. ३० मिनिटांना ते दिसणार कसं? एमजी-१३२ (प्रोटिएझोम रोखणारं औषध), १० मायक्रोमोलर, टीएनएफच्या ३० ते ६० मिनिटं आधी द्या. मग फॉस्फो रूप साचतं आणि एकूण आयकप्पाबी-अल्फाच्या ब्लॉटवरही मूळ बँडच्या किंचित वर दुसरी रेघ दिसते. ती दिसण्यासाठी १२ टक्के जेल जरा लांब चालवा. डीएमएसओची लेन (औषधाविना, नुसतं त्याचं द्रावक) ठेवायला विसरू नका.

आता लायसिस, म्हणजे पेशी फोडणं. बरेच जण फक्त ऑर्थोव्हॅनाडेट घालून निश्चिंत होतात. ते मुख्यतः टायरोसिनवरच्या फॉस्फेटेझना (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमना) रोखतं. इथे प्रश्न सेरिनचा आहे, म्हणून सोडियम फ्लोराइड (१० ते ५० मिलिमोलर) आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट (२० मिलिमोलर) हवंच. पीएमएसएफ (प्रोटीन कापणारी एन्झाइमं रोखणारं) पाण्यात तासा-दोन तासांत निकामी होतं, त्यामुळे ते पेशींवर बफर ओतायच्या आधी घाला, सकाळी बनवून ठेवलेल्या बफरवर विसंबू नका. याहून खात्रीचा मार्ग: प्लेट बर्फावर, थंड पीबीएसने एकदा धुवा आणि थेट ९५ अंशांचा गरम लेमली बफर (जेलवर नमुना चढवायचा बफर). डीएनएमुळे तार सुटली तर बारीक सुईतून काढा किंवा सोनिकेट करा. त्या नमुन्यात ब्रॅडफोर्ड (प्रोटीन मोजायची चाचणी) चालत नाही, म्हणून पेशी मोजूनच पेरा.

प्रीबी_वाचक

तुमची पहिली शंका रास्त आहे, पण ती निष्कर्षाच्या विरोधात जात नाही. ७०झेड/३ मध्ये कप्पाचा (अँटिबॉडीच्या हलक्या साखळीचा) जीन आधीच जुळवलेला असतो आणि एलपीएस मिळाल्यावर तो बोलू लागतो. सायक्लोहेक्झिमाइड असतानाही डीएनएला चिकटणारा घटक दिसतो, म्हणजे तो पेशीत आधीपासून आहे. नुसत्या सायक्लोहेक्झिमाइडने तो दिसतो, यावरून त्याला अडवून धरणारं काहीतरी अल्पायुषी असावं, सतत बनत राहिलं तरच टिकणारं असावं, असं सुचतं. तुम्हाला जी भेग वाटली तीच माझ्या मते त्या पेपरमधली सर्वांत मोलाची खूण आहे.

तरीही नुसत्या सायक्लोहेक्झिमाइडवर भिस्त ठेवू नये, कारण भाषांतर (प्रोटीन बनणं) रोखणारी औषधं ताणाचे इतर किनेझही (फॉस्फेट बसवणारी एन्झाइमं) जागे करतात. १९८८ चं काम वजनदार ठरतं ते इथे. उत्तेजन न दिलेल्या पेशींचा सायटोसॉल (केंद्रकाबाहेरचा पेशीद्रव) घेतला, त्यात डीऑक्सिकोलेट (डिटर्जंट) घातलं, आणि डीएनएला चिकटणारा एनएफ-कप्पा-बी बाहेर पडला. जिवंत पेशी नाही, संदेश नाही, औषधाचा दुष्परिणाम नाही. फक्त दोन प्रोटीनांची पकड सुटली. ती पकड नेमकी कोणता किनेझ सोडवतो, हे आयकेके (आयकप्पाबीवर फॉस्फेट बसवणारं) संकुल १९९७ च्या सुमारास हाती आल्यावर स्पष्ट झालं.

हेला_३७

खूप आभार. वेळा बदलून पाहतो. १९८६ सारखा जेल-शिफ्टही (प्रोटीन चिकटलं की डीएनएचा तुकडा जेलवर मागे राहतो, ती चाचणी) करायचा आहे. तिथे काय चुकतं?

जेलपट्टी

बहुतेक वेळा केंद्रकाचा अर्क. आधी हायपोटॉनिक बफर (हेपिस १० मिलिमोलर, पीएच ७.९, पोटॅशियम क्लोराइड १० मिलिमोलर) बर्फावर १५ मिनिटं, मग एनपी-४० अर्ध्या टक्क्यापर्यंत आणि दहा सेकंद व्हॉर्टेक्स. जास्त वेळ ठेवलंत तर केंद्रकंही फुटतात. ट्रिपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. त्यानंतर ०.४ मोलर सोडियम क्लोराइडने केंद्रकातली प्रोटीनं काढा. लॅमिन बी (केंद्रकाची खूण) आणि ट्युब्युलिनचा (केंद्रकाबाहेरच्या भागाची खूण) ब्लॉट केल्याशिवाय अर्कावर विश्वास ठेवू नका.

प्रोब (लेबल लावलेला डीएनएचा तुकडा) जी-जी-जी-ए-सी-टी-टी-टी-सी-सी. २० मायक्रोलिटरमध्ये पॉली डीआय-डीसी (भलती प्रोटीनं अडकवून ठेवणारं कृत्रिम डीएनए) १ ते २ मायक्रोग्रॅम. अर्कातलं मीठ जास्त गेलं तर बंध सुटतात, म्हणून अर्क थोडाच घाला. लेबल नसलेला तोच प्रोब १०० पट घातल्यावर जो बँड जातो, आणि पहिल्या तीन जींच्या जागी सी-टी-सी असलेला प्रोब घालूनही जो राहतो, तेवढाच एनएफ-कप्पा-बी म्हणा. खाली वेगाने पळणारा एक बँड उत्तेजनाशिवायही दिसू शकतो. तो बहुधा पी-५० ची जोडी (पी-५० आणि पी-६५ हे एनएफ-कप्पा-बीचे घटक). पी-६५ च्या अँटिबॉडीने तो हलणार नाही, पी-५० च्या अँटिबॉडीने हलेल.