पंपाचं काय?
शाम्पू-लोशनच्या बाटलीवर ‘५०% रिसायकल्ड प्लास्टिक’ छापलंय, म्हणजे ती पुढेही रिसायकल होणारच, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं हो. तो आकडा बाटली कशापासून बनली ते सांगतो, पुढे तिचं काय होणार ते नाही. आणि बहुतेकदा तो फक्त बाटलीचा असतो, झाकण-पंप त्यात धरत नाहीत.

परवा संपलेल्या बॉडी लोशनचा पंप पक्कड घेऊन उघडला. आत स्टीलची स्प्रिंग, छोटी गोळी, दोन-तीन जातींचं प्लास्टिक. आमच्या भंगारवाल्याने बाटली घेतली, पंप तिथेच काढून माझ्या हातात ठेवला! काळ्या डब्यांची तऱ्हा वेगळीच. काजळीचा रंग असला की कचऱ्यातलं प्लास्टिक वेगळं करणाऱ्या छाननी यंत्रातल्या इन्फ्रारेड किरणांना ते प्लास्टिक ओळखूच येत नाही. दिसायला मात्र एकदम ‘प्रीमियम’.

आपल्याकडे प्लास्टिक कचऱ्याच्या २०२२च्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या वेष्टनात (बाटल्या, डबे) २०२५-२६पासून ३०% आणि २०२८-२९पर्यंत ६०% रिसायकल्ड प्लास्टिक सांगितलंय. बहुस्तरीय वेष्टनाला (प्लास्टिकला फॉइलसारखा दुसरा थर जोडलेल्या) मात्र सुरुवातीला जेमतेम ५%. आणि फॉइलचा थर असलेले शाम्पूचे सॅशे त्यातच मोडतात. मी तरी आता रिफिल घेते, जुनाच पंप धुऊन लावते.